नानांची तीन पानं

माझे सासरे फोन सातव्या रिंगेला उचलायचे. मोबाइल खिशात असो, मांडीवर असो की थेट हातात, ते नावाकडे बघत बसायचे आणि ओठांनी रिंगा मोजायचे. लग्नानंतर पहिली काही वर्षं मला वाटायचं, माझंच नाव बघून त्यांचं असं होत असेल. पुढे कळलं की ते सगळ्यांशीच असं वागतात. तेव्हा मला उगाचच थोडं वाईट वाटलं.

"लगेच उचलला की समोरच्याले वाटतं, हा मोकळाच बसेल आहे," ते म्हणायचे. आणि मग त्यांचं ठरलेलं वाक्य: "कायले घाई?"

सावद्यात सगळे त्यांना आबा म्हणत, म्हणून मीही म्हणायचो. केळी, थोडा कापूस, गावात घर. कापसाला भाव येईल म्हणून ते तो मधल्या खोलीत छतापर्यंत रचून ठेवत. आमचं लग्न झालं त्या वर्षी कापूस विकला गेलेला नव्हता, त्यामुळे माझ्याकडची अर्धी वऱ्हाडी मंडळी त्या ढिगाला टेकून झोपली आणि सकाळी मांडवात अंग खाजवत उभी राहिली. फोटोत दिसतं. कापूस निदान थांबतो तरी. केळी थांबत नाहीत. घड तयार झाला की झाला. पण आबा केळीलाही थांबवू बघत. व्यापारी बांधावर येऊन चांगला भाव बोलायचा, आबा म्हणायचे, "बघू." एका वर्षी असं बघता बघता मे महिन्याच्या शेवटी वादळ आलं आणि उभा बाग एका दुपारी आडवा झाला. मी सांत्वनाला गेलो तर म्हणाले, "भाव वाढणारच व्हता, जावईबापू." तो वाढलाही. दुसऱ्याच आठवड्यात.

माझ्या बाबतीत तर त्यांनी सात महिने लावले. मी जळगावातल्या एका शाळेत भूगोल शिकवतो. मुलगी बघायला गेलो त्या दिवशीच मी त्यांना पसंत पडलो होतो. हे त्यांनी मला लग्नानंतर चार वर्षांनी सांगितलं. मधल्या काळात माझ्या आईनं दुसऱ्या दोन मुली बघून ठेवल्या होत्या. मी सासऱ्यांच्या हातातून जवळजवळ सुटलोच होतो. बायकोला विचारलं तर ती म्हणते, तिला त्याचं तेव्हा फारसं काही वाटलं नव्हतं.

मला वाचवलं ते नानांनी. नाना म्हणजे आबांचे धाकटे भाऊ. धुळ्यात त्यांचं पंपाच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. आबा जितके दाबून बसणारे, तितके नाना उघडे. पोटात काही राहायचं नाही. त्यांनी परस्पर आमच्या घरी येऊन सांगून टाकलं, "दादाचा होकार शे. तो दिवाळीपर्यंत सांगणार नाही, म्हणून मी सांगतो."

या दोघांची खरी ओळख मला पत्त्यांत झाली.

आमच्याकडे आखाजीला पत्ते खेळतात. वैशाखातली अक्षय्य तृतीया म्हणजे आमची आखाजी. लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरून कोपऱ्यात ठेवतात, तिच्यावर खरबूज आणि रव्याची गोड सांजोरी. त्या दिवशी ती माणसं पाणी प्यायला येतात म्हणतात. जेवणं झाली, आमरस अंगावर आला, की पुरुष दारं-खिडक्या लावून, कूलर सुरू करून पत्त्यांना बसतात. बाहेर ऊन असं असतं की रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. आत अंधार, खसाचा वास आणि तीन पत्ती. आमच्या घरात चिंचोक्यांवर.

प्रत्येकाला तीन पानं. न बघता खेळलात तर ब्लाइंड, बघून खेळलात तर चाल, सोडून दिलं तर पॅक, आणि शेवटी दोघं उरले की शो. तीन सारखी पानं आली तर ती ट्रेल, सगळ्यांवर भारी. एवढं मला माहीत होतं. आबा कसे खेळतात ते माहीत नव्हतं.

सोन्यासारखी पानं आली की आबा आजारी पडायचे. खोकला काढायचे. पाणी मागायचे. "चाल" हा शब्द असा म्हणायचे की जणू डॉक्टरनं काहीतरी सांगितलंय. माझ्या पहिल्या आखाजीला माझ्याकडे ओळीनं तीन पानं आली, मी फुशारून चिंचोके ढकलत राहिलो, आणि समोर हा म्हातारा कण्हत कण्हत एकेक चिंचोका टाकत राहिला. मला त्यांची दया आली. म्हटलं, सासरे आहेत, जास्त लुटू नये. मग त्यांनी तीन राण्या जमिनीवर ठेवल्या.

"दादा खोकला की पळायचं, पाहुणे!" नाना मांडी थोपटत हसले. "तुम्हाले कोणी सांगितलं नाही का?"

नाना मात्र आबांच्या खोकल्याला कधी पळाले नाहीत. ते पानं बघायचेच नाहीत. शेवटपर्यंत ब्लाइंड. एका आखाजीला बाकी सगळे पॅक झाले, दोघंच उरले, आबा खोकत होते, आणि नानांना चारची बस आठवली. ते पानं तशीच टाकून चपला घालून निघालेसुद्धा. आबांच्या हातात तीन एक्के होते. तीन एक्के! आयुष्यात एकदा येतात. आबा ओट्यापर्यंत धावले, "अरे नाना, थांब, शो तर कर!" नाना उन्हात उभे राहून म्हणाले, "दादा, तू असाच दाबून बसशील आणि समोरचा उठून घरी जाईल. मग कोणाला दाखवशील?"

आबांनी ते तीन एक्के त्या संध्याकाळी दूधवाल्याला दाखवले. त्याला पत्त्यांतलं काही कळत नव्हतं.

पुढे दोघा भावांत विहिरीकडच्या शेतावरून बिनसलं. नानांना ते हवं होतं. दुकान मुलाच्या हवाली करून परत येऊन शेती करायची, असं त्यांच्या डोक्यात होतं. त्यांनी तसं सरळ विचारलं. आबा म्हणाले, "बघू." नानांनी पुन्हा विचारलं. आबा म्हणाले, "कायले घाई?" तिसऱ्यांदा नानांनी विचारलं नाही.

खरी गोष्ट अशी होती की आबांनी हिवाळ्यातच तालुक्याला जाऊन ते शेत नानांच्या नावे करणारं हक्कसोड पत्र रजिस्टर करून आणलं होतं. कागद कपाटात होता. तो त्यांना आखाजीला काढायचा होता. पत्त्यांच्या डावात, सगळ्यांसमोर, नाना ब्लाइंड खेळत असताना. खोकून वगैरे.

आखाजीच्या तीन आठवडे आधी नाना दुकानात बसल्या बसल्याच गेले. एका मोटारीच्या तारेची गुंडाळी हातात होती, तशीच राहिली.

त्या दिवशी सकाळी आबांचा फोन वाजला होता. धुळ्याहून, नानांचा. आबा नावाकडे बघत रिंगा मोजत बसले. सहावी झाली, आणि रिंग थांबली.

त्यानंतरही आबांनी सातव्या रिंगेची सवय सोडली नाही. फक्त एवढंच, की सहावी वाजली की ते दाराकडे बघायचे. आणि त्या घरात उन्हाळ्यात दुपारी दाराकडे बघणारा माणूस समोर बसला असला, की आपलीही मान वळते.

तेराव्याला ते कागद घेऊन काकूंकडे, म्हणजे नानांच्या बायकोकडे गेले. मी बरोबर होतो. काकूंनी कागद वाचला, तारीख बघितली, पुन्हा घडी घातली.

"चार महिने तुमच्या कपाटात होता हा?"

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"ते गेले ना, ते तुम्हाला लबाड समजून गेले, आबा. ज्याला दाखवायचा त्याला दाखवला नाही. आता मला काय दाखवता?" त्यांनी कागद आबांच्या टोपीवर ठेवला. हातात नाही, टोपीवर. "मेलेल्या माणसाच्या नावानं दिलेलं मी घेणार नाही. न्या परत."

आबांना त्यानंतर एकच ध्यास लागला. काकूंनी तो कागद घ्यायला हवा, आपण जायच्या आत. आणि त्यावर त्यांनी जो उपाय काढला तो फक्त त्यांनाच सुचू शकला असता. दिलेलं ती घेणार नाही. पण नवऱ्यानं जिंकलेलं?

पुढच्या वर्षीच्या आखाजीला जेवणं झाली, आम्ही बसलो, आणि आबांनी नानांची गादी झटकून त्यांच्या जागेवर अंथरली. समोर चिंचोके ठेवले. मधोमध तो कागद.

"शेवटचा डाव आमचा दोघांचा," ते म्हणाले. "जावईबापू, वाटा. जावई कोणाच्याच बाजूचा नसतो."

मी वाटले. तीन पानं आबांना, तीन रिकाम्या गादीपुढे. आबांनी आपली बघितली आणि खोकले. मग हात लांब करून नानांच्या ढिगातला एक चिंचोका पुढे सरकवला.

"नाना ब्लाइंड."

सांगतो, त्या खोलीत पंचेचाळीसचा उन्हाळा असताना माझ्या पाठीवर काटा आला. माझा मेहुणा हसायला गेला आणि हसला नाही. कोपऱ्यात घागर पाझरत होती, तिच्याखाली ओलं वर्तुळ मोठं होत होतं. "चाल," आबा म्हणायचे. "नाना ब्लाइंड." "चाल." "नाना ब्लाइंड." शेवटी शो. आबांची ओळ होती, नानांचं काहीच नव्हतं. आबांनी कागद उचलला आणि पुन्हा कपाटात ठेवला.

असं नऊ वर्षं.

नऊ आखाज्या मी त्या दोघांना पत्ते वाटले, आणि नऊच्या नऊ वेळा आबा जिंकले. त्यांना जिंकायचं नव्हतं. पण पानंच अशी यायची. मी भूगोलाचा मास्तर, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, पण सहाव्या वर्षापासून पत्ते पिसताना माझे हात गार पडायचे.

"आबा, तुम्ही पॅक करून टाका न," मेहुणा एकदा म्हणाला. "कोण बघतंय?"

आबांनी रिकाम्या गादीकडे बघितलं. "तो बघून राह्यला," ते म्हणाले. "मुद्दाम हरलो तर ते देनंच झालं. जिंकनं नाही झालं."

मग एका वर्षी मी पत्ते लावायचं ठरवलं. महिनाभर जळगावात आरशासमोर सराव केला. बायको दारात उभी राहून बघायची आणि पोळ्या करपवायची. आखाजीला सावद्यात पिसता पिसता मी तीन एक्के गड्डीच्या तळाशी दाबले, आणि नेमक्या वेळी माझ्या घामेजल्या बोटांतून अख्खी गड्डी कूलरच्या पाण्यात पडली. आबांनी एकेक पान धोतराला पुसलं. शेवटी तीन एक्के एकाला एक चिकटलेले निघाले. ते त्यांनी माझ्याकडे न बघता सोडवले.

"जावईबापू," ते म्हणाले, "हात सैल ठेवा."

गेल्या वर्षी हिवाळ्यात त्यांच्या छातीत दुखलं. बायकोनं मला न विचारता काकूंना फोन केला. त्यांनी ऐकलं आणि फोन ठेवला. आणि आखाजीला, नेमका शेवटचा डाव वाटून होतोय तेवढ्यात, दार ढकलून काकू आत आल्या. धुळ्याहून तीन बस बदलून, भर उन्हात. पदर डोक्यावर, चेहरा लालबुंद. दहा वर्षांनी.

कोणी उठलं नाही. उठायचं असतं हे कोणाला आठवलंच नाही. त्या सरळ नानांच्या गादीवर येऊन बसल्या.

"यांची पानं कोणती?"

मी बोट दाखवलं. त्यांनी पानं उचलली. नानांची पानं इतक्या वर्षांत शोच्या आधी कोणीही उचलली नव्हती. त्याच वेळी लाइट गेली. कूलर घरघरत थांबला, आणि त्या शांततेत बाहेरच्या झोक्याच्या कड्या कुरकुरायला लागल्या. सगळ्या बायका तर स्वयंपाकघरात होत्या. वारा असेल. मी अजूनही वाराच म्हणतो.

काकू पानांकडे बघत राहिल्या. बराच वेळ. मग त्यांनी ती पालथी ठेवली.

"पॅक," त्या म्हणाल्या, आणि उठून आत गेल्या. जेवल्या, पुतणीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, पाठीवरून हात फिरवला, आणि चारच्या बसनं गेल्या.

आबा आपल्या हातातल्या पानांकडे बघत बसले होते. ती त्यांनी हळूच उघडी टाकली. एक पंजी, एक नव्वी, एक गुलाम. तिन्ही वेगळ्या रंगांची. दहा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याकडे काहीच नव्हतं, आणि ते खोकलेही नव्हते.

"आज हरलो असतो," ते म्हणाले. "हो न? आज तर कशानंही हरलो असतो."

पॅक केलेली पानं बघायची नाहीत, हा आबांचा कडक नियम. ते उठून मोरीकडे गेले. मी पत्ते गोळा करायला वाकलो आणि नियम मोडला.

तीन दुर्र्या. इस्पिकची, बदामाची, किलवरची. गड्डीतली सगळ्यात हलकी पानं, आणि तिन्ही एकत्र. ट्रेल. नाना जिंकले होते.

आता इथे कोणीही शहाणा माणूस ओरडला असता. मोरीच्या दारापर्यंत तर दहा पावलं होती. पण मला वाटलं, असं नको. काकू अजून आत जेवतायत, आबा थकलेत. हे नीट, थाटात व्हायला हवं. पुढच्या आखाजीला काकूंना आग्रहानं बोलवायचं, कागद मधोमध, नानांची गादी, आणि मग मी, जन्मभर पत्त्यांत हरलेला जावई, एकेक करून या तीन दुर्र्या टाकणार. आबांचं तोंड कसं होईल, ते मला त्याच क्षणी दिसलं. मी ती तीन पानं शर्टाच्या खिशात घातली. गंमत म्हणजे मला खोकलाही आला.

दिवाळीला गेलो तेव्हा आबा बरेच उतरले होते. ओट्यावर बसून माझ्या खिशाकडे बघत होते. निदान आता मला तसं वाटतं.

"काही सांगनं आहे का जावईबापू?"

"नाही आबा. सहज आलो."

त्यांनी मान हलवली. "सांगा, सांगावं वाटलं तर." मग थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता: "घाई नाही म्हना."

माघात एका सकाळी मी सावद्याला आबांना फोन लावला, आणि तो पहिल्याच रिंगेला उचलला गेला. मी खुर्चीवरून उभा राहिलो. कोणी काही सांगायच्या आधीच मला कळलं होतं. "दाजी..." पलीकडून मेहुणा म्हणाला.

यंदाच्या आखाजीला कोपऱ्यात आणखी एक घागर होती. खेळायचं कोणाच्या मनात नव्हतं, पण मेहुण्यानं पत्त्यांचा बिस्किटाचा डबा काढला. आबा वर्षाकाठी एकदाच तो डबा उघडत आणि खेळ संपला की पानं मोजून, रंगावार लावून ठेवत. हे मला माहीत होतं. इतकी वर्षं मी त्यांना मोजताना बघत होतो. तरी माझ्या टाळक्यात ते शिरलं नव्हतं.

डब्यात पानं रंगावार लावलेली होती. चौकटची दुर्री आपल्या जागी होती. इस्पिक, बदाम आणि किलवरच्या दुर्रीच्या जागी लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचे तीन तुकडे होते, पानाच्या मापाचे, कात्रीनं नीट कापलेले. प्रत्येकावर पेनानं दोन ठिपके.

म्हणजे त्यांना माहीत होतं. त्याच संध्याकाळी माहीत झालं होतं. नाना जिंकले, पानं जावयाकडे आहेत. मी टाकीन म्हणून ते नऊ महिने माझ्यासमोर वाट बघत बसले होते, आणि मी त्यांच्यासमोर.

"दाजी, हे काय आहे?" मेहुण्यानं ते तुकडे हातात घेऊन विचारलं.

मी तिथेच सगळं सांगितलं. त्यानं कपाटातला कागद काढून माझ्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुळ्याची बस धरली.

दुपारचे दोन वाजले होते. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. काकूंच्या दाराची कडी लावलेली नव्हती, ते हात लावताच उघडलं, आणि आतून लगेच आवाज आला, जणू कोणी दाराशीच बसलं होतं.

"कोण शे?"

मी नाव सांगितलं. काकूंनी चटई पसरली.

मी बसलो. खिशातून तीन पानं काढून चटईवर ठेवली आणि जे होतं ते सांगितलं. खिशात राहून राहून पानांना घामाचा बाक आला होता. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, हात लावला नाही.

"त्यांना दाखवली होती?"

"नाही."

"मग मला काय दाखवता?"

हेच वाक्य मी तेराव्यालाही ऐकलं होतं. काकू उठल्या, माठातलं पाणी घेऊन आल्या. मी पाणी पीत असताना त्या दाराकडे तोंड करून बोलायला लागल्या.

"मी पॅक म्हटलं, पण पानं तिथेच ठेवली न. मला वाटलं, मी उठल्यावर बघतील. बघतील आणि येतील. कागद घेऊन नाही आले तरी चालेल, पण येतील." त्या थांबल्या. "वर्षभर दुपारची कडी लावली नाही मी. आताही सवय जात नाही."

"आबा पॅकची पानं बघायचे नाहीत, काकू. त्यांचा नियम होता."

"त्यांचे नियम!" त्या म्हणाल्या, आणि पदरानं तोंड पुसताना हसल्या की रडल्या, मला कळलं नाही.

मग त्यांनी हात पुढे केला. "द्या तो कागद. आता कोणाची वाट बघू?"

कागद त्यांनी देव्हाऱ्यात ठेवला, त्यावर तीन दुर्र्या. मी निघालो तेव्हा त्यांनी माझ्या मागून दार लावलं. कडी सरकल्याचा आवाज मी गल्लीच्या टोकापर्यंत ऐकत गेलो.

स्टँडवर पोहोचलो तर जळगावची बस लागलेली होती. कंडक्टर दारावर हात आपटत ओरडत होता. तेवढ्यात फोन वाजला. बायकोचं नाव. मी नावाकडे बघत उभा राहिलो, आणि माझ्या लक्षात आलं की माझे ओठ हलतायत. दोन. तीन.

मी उचलला.

"अहो, काय म्हणाली काकू?"

"घरी आल्यावर नीट सांग—" मी म्हणायला लागलो.

"हॅलो? अहो?"

बस हलली. कंडक्टरनं माझ्याकडे बघून एकदा शिट्टी मारली. मी त्याला हातानं जा म्हटलं, सामानाच्या गोण्यांवर बसलो, आणि तिथेच, त्या गलक्यात, बायकोला पहिल्यापासून सगळं सांगायला लागलो.